गॅल्व्हस्टन : एका बेटाने स्वतःला उचललं, त्याचा हिशेब

आजचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. नगरपालिकेचा भांडवली खर्च. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत कशाला पडावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण मला नेहमी वाटत आलंय की एखाद्या गावाचं खरं तत्त्वज्ञान त्याच्या गौरवगीतात सापडत नाही, ते त्याच्या अंदाजपत्रकात सापडतं. आणि त्यातही महसुली बाजूला कमी. झाडलोट, दिवाबत्ती, पगार, हे सगळीकडे सारखंच असतं. भांडवली बाजूला मात्र गाव पुढच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल काय समजतं ते दिसतं. कर्जरोखा म्हणजे काय हो शेवटी? आज जिवंत असलेल्या माणसांनी, अजून जन्माला न आलेल्यांच्या नावावर दिलेलं वचन. ते द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न मी वर्गात शिकवलेल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा अवघड आहे.

तर आज आपण अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हस्टन नावाच्या गावाकडे बघणार आहोत. ह्यूस्टनला आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, ती सुटीला याच किनाऱ्यावर जातात. वाळूचा एक लांबट पट्टा, साधारण २७ मैल लांब, रुंदी जास्तीत जास्त तीन मैल. एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला खाडी. गावातली सर्वांत उंच जागा समुद्रापासून नऊ फुटांहूनही कमी. म्हणजे आपल्याकडच्या एका मजल्याहून कमी उंचीवर अख्खं शहर! १९०० साली तिथे सुमारे ३८ हजार लोक राहत होते. कापूस निर्यातीचं मोठं बंदर, बँका, ऑपेरा हाऊस, श्रीमंत व्यापाऱ्यांच्या हवेल्या, सगळं होतं.

भिंत नव्हती.

नव्हती याचा अर्थ सुचली नव्हती असा नाही. त्याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला इंडियानोला नावाचं दुसरं बंदर होतं. १८७५ साली चक्रीवादळाने ते मोडलं. लोकांनी पुन्हा उभारलं. १८८६ साली पुन्हा मोडलं, वर आगही लागली, आणि मग लोक ते गाव सोडूनच गेले. शेजारचं बंदर नकाशावरून पुसलं गेल्यावर गॅल्व्हस्टनच्या प्रतिष्ठितांनी समुद्रभिंतीची चर्चा केली. काही महिने ती चालली, मग थंडावली. पैसा कुणी काढला नाही. पुढे १८९१ साली तिथल्या सरकारी हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. वादळाने गॅल्व्हस्टनचं मोठं नुकसान होईल ही कल्पना म्हणजे निव्वळ भ्रम आहे, असा त्याचा सूर होता. तज्ज्ञानेच असं सांगितल्यावर व्यापारी कशाला खिशात हात घालतील?

आता तुम्ही म्हणाल, गाव गरीब असेल, जमलं नसेल. इथेच गंमत आहे. त्याच काळात त्याच गावाने भांडवली कामासाठी प्रचंड खटपट चालवली होती. बंदराच्या तोंडाशी वाळू साचायची, मोठी जहाजं आत येत नसत. गावातल्या मातबरांनी ‘डीप वॉटर कमिटी’ काढली, वॉशिंग्टनला खेटे घातले, आणि १८९० साली अमेरिकन काँग्रेसकडून ६२ लाख डॉलर मंजूर करून घेतले. त्यातून समुद्रात दूरवर जाणारे दगडी बांध घातले गेले, भरती-ओहोटीच्या जोराने वाळू वाहून जाऊ लागली, बंदर खोल झालं. १८९५ साली मुख्य भूमीवरच्या विहिरींचं गोडं पाणी खाडीखालून नळ टाकून बेटावर आणलं. म्हणजे योजना आखणं, पाठपुरावा करणं, पैसा ओढून आणणं, हे सगळं या लोकांना उत्तम येत होतं. ज्या कामातून उत्पन्न दिसत होतं ते झालं. ज्या कामाचं फळ म्हणजे ‘काही घडलं नाही’ एवढंच असतं, ते राहिलं. न घडलेल्या गोष्टीचा नफा कुठल्या वहीत मांडणार?

आणखी एक गोष्ट. जुन्या नगरपरिषदेला रोखे काढायची सवय होती, पण कशासाठी? दरसालची तूट भरून काढायला. म्हणजे आजचा पगार द्यायचा आणि त्याचं कर्ज नातवाच्या नावावर लिहायचं. भांडवली आणि महसुली खर्चातली रेघ पुसली गेली की हे असं होतं. त्यामुळे खरंच मोठं कर्ज काढायची वेळ येईल तेव्हा गावाची पत आधीच खलास झालेली असणार, हे उघड होतं.

८ सप्टेंबर १९०० च्या संध्याकाळी ती वेळ आली. समुद्र पंधरा फुटांहून वर चढला. जमीन नऊ फूट, पाणी पंधरा. गणित साधं आहे. साधारण ३,६०० घरं गेली. माणसं किती गेली याचा आकडा बहुधा सहा ते आठ हजारांच्या दरम्यान धरतात, काही अंदाज त्याहून जास्त आहेत. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एका वेळी इतके लोक कधी मेलेले नाहीत. क्लाइन यांची पत्नी त्या रात्री गेली. तिला दिवस गेलेले होते. त्यांचा तो लेख आठवताना मला हेही आठवतं, म्हणून मी त्यांच्यावर फार तोंड टाकत नाही.

गाव हलवावं असं काहींचं म्हणणं पडलं. मुख्य भूमी जवळच होती. पण धक्के, गोदामं, रेल्वे, नुकतंच खोल केलेलं बंदर, एवढं भांडवल बेटावर गाडलेलं होतं. एकदा घातलेला पैसा पुढच्या पैशाला ओढून घेतो. घरच्या विहिरीचं पण असंच असतं बघा. चाळीस फूट खणून पाणी लागलं नाही की माणूस पन्नास खणतो. लोक राहिले.

पहिली दुरुस्ती झाली ती कारभाराची. १९०१ साली जुनी नगरपरिषद गेली आणि पाच जणांचं कमिशन आलं. एक महापौर-अध्यक्ष आणि चार आयुक्त, प्रत्येकाकडे एकेक खातं : वित्त, पोलीस आणि अग्निशमन, रस्ते, पाणी आणि सांडपाणी. सुरुवातीला पाचांतले तिघे गव्हर्नरने नेमलेले होते. न्यायालयात ते टिकलं नाही, मग १९०३ पासून पाचही निवडून येऊ लागले. वित्त खातं आयझॅक केम्पनर या व्यापारी-बँकर घराण्यातल्या तरुणाकडे गेलं, वय अवघं अठ्ठावीस. त्यांनी तुटीसाठी रोखे काढायची जुनी खोड मोडली. जुन्या रोखेधारकांशी बोलणी करून काही वर्षं व्याज कमी करून घेतलं. हिशेब जाग्यावर आला. ही पद्धत इतकी गाजली की पुढच्या दोन दशकांत अमेरिकेतल्या शेकडो शहरांनी ती उचलली.

पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. याच शहरात १८८० च्या दशकात नॉरिस राइट क्यूनी हे कृष्णवर्णीय पुढारी नगरसेवक म्हणून निवडून आले होते. वॉर्डाची निवडणूक असेल तर हे शक्य असतं, कारण वॉर्डात त्यांचे लोक असतात. सबंध शहराने मिळून निवडायचे म्हटल्यावर तो रस्ता बंद झाला. १९०२ साली टेक्सासने मतदानासाठी डोईपट्टीही लावली. कार्यक्षमता आली, मान्य. ती कुणाच्या मताच्या किमतीवर आली, हेही त्याच पानावर लिहायला हवं. आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. तेव्हा तीही बेटच. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, तोही मुख्यतः नेमलेल्या लोकांचा. रस्ते झाले, वस्त्या पाडल्या गेल्या, आणि ज्यांच्या खोल्या पडल्या त्यांना विचारायला कुणी गेलं नाही. संकटानंतरची घाई अशी असते.

असो. आता भिंतीकडे येऊ.

कमिशनने तीन अभियंते नेमले. अल्फ्रेड नोबल (हे सुरुंगवाले नोबेल नव्हेत), एच. सी. रिप्ली, आणि निवृत्त ब्रिगेडियर जनरल हेन्री मार्टिन रॉबर्ट. हे तेच रॉबर्ट, ज्यांनी १८७६ साली सभा कशी चालवावी याचे नियम लिहिले. ठराव कसा मांडायचा, अनुमोदन कोण देणार, दुरुस्ती आधी की मूळ ठराव आधी. सभेचं कामकाज आणि समुद्राचं कामकाज दोन्ही ज्याला कळतं असा माणूस मिळणं हे त्या गावाचं नशीब.

जानेवारी १९०२ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याचं मर्म असं. समुद्राच्या नीच पातळीपासून सतरा फूट उंच, तीन मैलांहून लांब काँक्रीटची भिंत बांधा. पण नुसती भिंत बांधू नका. मागची जमीन खड्ड्यात राहिली तर लाट वरून उडी मारेल, पाणी आत साचेल आणि भिंतीला मागून पोकळ करेल. तेव्हा अख्खं शहर उचला. भिंतीपाशी जमीन भिंतीच्या बरोबरीने, आणि तिथून खाडीकडे दर दीड हजार फुटांना एक फूट असा उतार. पाऊस आपोआप खाडीत वाहून जाईल. हा उतार लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे.

अहवाल झाला. पैसा कुठे होता? शहराचे रोखे बाजारात पडलेल्या भावात होते. इथे त्या लोकांनी जी तोड काढली ती मला अभियांत्रिकीपेक्षा जास्त आवडते. एक मोठं काम त्यांनी वेगवेगळ्या थैल्यांत वाटून टाकलं. भिंत काउंटीने बांधायची. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. तिची पत शहराइतकी बुडाली नव्हती. पंधरा लाख डॉलरच्या रोख्यांवर मतदान झालं : बाजूने ३,११९, विरोधात २२. हे मत देणारे सगळे पुरुष. बायकांना मतच नव्हतं. बाहेरचे सावकार कचरत होते, तेव्हा बरेच रोखे गावातल्याच लोकांनी विकत घेतले. जमीन उचलायचं काम शहराकडे, वीस लाखांचे रोखे, आणि ते फेडायला टेक्सास राज्याने आपला वसूल होणारा कर बरीच वर्षं गावालाच सोडून दिला. राज्याने तिजोरीतून रोख काही दिलं नाही. येणं सोडलं. देणग्यांपेक्षा हा प्रकार टिकाऊ, कारण त्यावर रोखा उभा राहतो. लष्कराची छावणी होती तिच्यासमोरची जवळपास मैलभर भिंत केंद्र सरकारने आपल्या खर्चाने बांधली.

आणि चौथी थैली? ती घरमालकाची. रस्ता, गटार, पाण्याचे नळ, ट्राम हे सार्वजनिक. तुमचं घर तुम्ही उचला!

ऑक्टोबर १९०२ मध्ये भिंतीचं काम सुरू झालं, जुलै १९०४ मध्ये संपलं. खर्च सुमारे १५ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे रोख्यांच्या रकमेच्या थोडा वर. आजकालच्या प्रकल्पांची सवय असलेल्यांना हे वाचून हसू येईल. तळाला सोळा फूट रुंद, माथ्याला पाच, समुद्राकडची बाजू आत वळलेली, म्हणजे लाट आपटून वरच्या वर परत फिरेल. पायथ्याशी मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे.

जमीन उचलणं हे खरं अचाट काम होतं. शहरातून तीन मैलांचा कालवा खणला, दोनशे फूट रुंद, वीस फूट खोल. कालव्याच्या वाटेतली घरं आधी उचलून बाजूला नेली. मग गाळ उपसणारी जहाजं बंदरातून वाळू भरून कालव्याने थेट वस्तीत यायची आणि नळातून वाळू-पाण्याचा रेंदा ओतायची. पाणी निथळून जायचं, वाळू राहायची. शहराचे पाव-पाव मैलाचे चौकोन पाडलेले, एकेक चौकोन बांध घालून भरायचा. त्या चौकोनातली घरं त्याआधी स्क्रू-जॅकवर चढवलेली. दोन हजारांहून जास्त इमारती अशा उचलल्या. सेंट पॅट्रिक चर्चचं वजन तीन हजार टन. सातशे जॅक लावून ते पाच फूट वर नेलं. एकूण भराव सुमारे १ कोटी ६० लाख घनयार्ड. १९११ पर्यंत हे चाललं होतं. इतकी वर्षं लोक लाकडी फळ्यांच्या पुलांवरून, कुठे आठ-आठ फूट उंचावरून, बाजाराला आणि शाळेला जात होते, खाली कुजक्या चिखलाचा वास.

ज्यांच्याकडे जॅकला पैसे नव्हते त्यांचं काय? काहींनी खालचा मजला पुरू दिला. श्रीमंतांचंही थोडंफार तसंच झालं. अ‍ॅश्टन व्हिला नावाची हवेली आजही उभी आहे, तिचं तळघर वाळूने भरलेलं आणि तिचं लोखंडी कुंपण अर्धं जमिनीत, त्यामुळे बुटकं दिसतं. दफनभूमीत तर थरावर थर आहेत. वरचा दगड एका पिढीचा, खालचे आधीच्यांचे. आणि खाऱ्या वाळूने बेटावरची झाडं, बागा सगळ्या मारल्या. हे नुकसान कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेलं नव्हतं. मत नसलेल्या बायकांनी १९०१ मध्येच एक आरोग्यरक्षण संघटना काढली होती. वादळातल्या मृतांचं नीट दफन व्हावं म्हणून त्यांनी काम केलं, आणि पुढे पुन्हा झाडं लावली ती त्यांनी, कण्हेरीसुद्धा. आज गॅल्व्हस्टन कण्हेरीचं गाव म्हणून ओळखलं जातं.

भिंतीची परीक्षा फार लांबली नाही. ऑगस्ट १९१५ मध्ये १९०० च्या तोडीचं वादळ आलं. आसपासच्या प्रदेशात मिळून २७५ माणसं गेली. भिंतीच्या आतल्या शहरात मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुख्य भूमीला जोडणारा, तीन वर्षांपूर्वीच खुला झालेला पूल मात्र तुटला. ‘काही घडलं नाही’ याचं मोल पहिल्यांदा आकड्यात दिसलं : सहा-आठ हजार विरुद्ध बोटांवर मोजण्याइतके.

इथे गोष्ट थांबवली तर ऐकायला छान वाटेल. पण ती तिथे थांबत नाही.

गॅल्व्हस्टन वाळू ओतत होतं त्याच वर्षांत, पन्नास मैल आत असलेलं ह्यूस्टन आपला अरुंद ओढा खोल करून समुद्र घराजवळ आणायच्या खटपटीत होतं. तिथल्या लोकांनी केंद्राला सांगितलं : अर्धा खर्च आम्ही देतो. साडेबारा लाखांचे रोखे काढले, तितकेच केंद्राने घातले, आणि १९१४ मध्ये मोठ्या जहाजांचा मार्ग खुला झाला. तेलाचा धंदा तिकडे गेला, कापूस हळूहळू तिकडे गेला. म्हणजे एका गावाची पत जिवंत राहण्यात खर्च झाली, त्याच वेळी शेजाऱ्याने तेवढ्याच पैशात भविष्य विकत घेतलं. १८८६ नंतर लगेच भिंत झाली असती तर? इतिहासात ‘जर-तर’ चालत नाही म्हणतात, पण भांडवली नियोजन म्हणजे दुसरं असतं काय! माझं मत सांगतो : गॅल्व्हस्टनला भिंतीने मागे टाकलं नाही, चौदा वर्षांच्या उशिराने टाकलं.

शिवाय भिंत बांधून खर्च संपला असंही नाही. आपल्याकडे पुलाचं उद्घाटन होतं आणि देखभालीचं कलम दुसऱ्या वर्षापासून कोरडं पडतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीवर आपटणाऱ्या लाटांनी तिच्यासमोरची वाळू ओढून नेली. ज्या किनाऱ्यावर लोक सहलीला यायचे तो अरुंद होत गेला. मग वाळू धरायला समुद्रात आडवे दगडी बांध, पुढे बाहेरून आणून टाकलेली वाळू, आणि ती पुन्हा पुन्हा. भिंत लांबवत लांबवत १९६० च्या दशकात ती दहा मैलांवर गेली. बेट त्याहून पुष्कळ लांब आहे. त्या पश्चिमेकडच्या भागात भिंत नाही आणि घरं मात्र उंच खांबांवर होतच राहिली.

आणि तो उतार. सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ वादळ आलं तेव्हा भिंतीने आखात अडवलं. पाणी मागून, खाडीकडून चढलं, आणि १९०२ च्या त्या अहवालाने जी बाजू सर्वांत खाली ठेवली होती तिथून शहरात शिरलं. अभियंत्यांची त्यात चूक नव्हती. समोरून येणाऱ्या समुद्रासाठी आणि पावसाच्या निचऱ्यासाठी तो उतार बरोबरच होता.

आता खाडीच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे, वाळूचे दुहेरी उंचवटे आणि गॅल्व्हस्टनभोवती कडं, अशी योजना आहे. अमेरिकन काँग्रेसने २०२२ च्या अखेरीस तिला मान्यता दिली, तेव्हाचा अंदाज सुमारे ३,४०० कोटी डॉलर. मान्यता म्हणजे पैसा नव्हे, हे तिकडेही आपल्यासारखंच. बांधकामाचा ६५ टक्के वाटा केंद्राचा, ३५ टक्के स्थानिक. स्थानिक वाटा उभा करायला राज्याने २०२१ मध्ये एक जिल्हा-मंडळ स्थापन केलं आहे, पाच काउंट्यांचं. त्याला कर लावायचा अधिकार आहे, पण तो लावण्याआधी लोकांचं मत घ्यावं लागतं. १९०२ साली ३,११९ विरुद्ध २२ झालं होतं, तेव्हा मत देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी पुरलेलं होतं.